टीआयएनंतरची मेंदूची तपासणी: कोणती, केव्हा, आणि अहवाल कोणत्या क्रमाने वाचावा

हात दहा मिनिटे लुळा पडतो, जीभ जड होते, आणि चहा होईपर्यंत सारे पूर्ववत होते. त्यानंतर घरचे लोक दोनपैकी एक चूक करतात. काही जण ‘गॅस झाला असेल’ म्हणून गप्प बसतात. बाकीचे जवळच्या केंद्रावर साधा सीटी स्कॅन काढून घेतात, अहवालातला ‘नॉर्मल’ हा शब्द वाचतात आणि निर्धास्त होऊन घरी परततात. दुसरी चूक मला अधिक धोक्याची वाटते, कारण तपासणी केल्याच्या समाधानात पुढचे सारे थांबते.

मेंदूच्या एखाद्या भागाचा रक्तपुरवठा थोडा वेळ अडला आणि पुन्हा सुरू झाला, तर त्याला टीआयए किंवा बोलीत मिनी स्ट्रोक म्हणतात. इंदूरमध्ये ‘लकव्याचा छोटा झटका’ हे नाव अधिक चालते. २००० साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत, टीआयए होऊन रुग्णालयाच्या आपत्कालीन विभागात आलेल्या रुग्णांपैकी सुमारे १० टक्के जणांना ९० दिवसांत पक्षाघात झाला, आणि त्यांतील निम्म्या जणांना तो पहिल्या दोन दिवसांतच झाला. म्हणून या तपासणीला केवळ ‘काय झाले’ हे विचारून भागत नाही. पुढचा झटका येण्याची शक्यता किती आहे आणि तो कोठून येईल, हे तिला विचारायचे असते.

मी इंदूरमध्ये एमआरआयच्या यंत्रावर काम करतो. उपचार ठरवणे हे मेंदूविकारतज्ज्ञाचे काम आहे. मात्र चुकीची चिठ्ठी, उशिरा काढलेले चित्र आणि उलट्या क्रमाने वाचलेला अहवाल या तीन गोष्टी माझ्यासमोर रोज येतात, आणि पुढील मजकूर त्यांच्याविषयी आहे.

खबरदारी: लक्षणे अजून चालू असतील, तर हा लेख बाजूला ठेवून १०८ ला फोन करावा. गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साधारणपणे पहिल्या साडेचार तासांतच देता येते, आणि ‘आपोआप जाईल’ म्हणून वाट पाहण्यात तोच वेळ संपतो.

१. आधी त्या मिनिटांची नोंद करा

चित्र कितीही स्पष्ट आले, तरी कोणती बाजू आणि किती वेळ हे माहीत नसेल तर त्याचा अर्थ लावता येत नाही. म्हणून रुग्णालयात निघताना वाटेतच एका कागदावर पुढील गोष्टी लिहाव्यात: रुग्ण शेवटचा ठीक कधी दिसला, लक्षण किती मिनिटे टिकले, ते उजव्या बाजूला होते की डाव्या, नेमके काय बिघडले, आणि गेल्या सात दिवसांत असेच पूर्वी काही झाले होते का. शक्य असल्यास त्या वेळचा रक्तदाब आणि बोटातून तपासलेली साखरही लिहावी, कारण साखर फार खाली गेली तरी हुबेहूब असाच प्रकार होतो.

वेळ आठवत नसेल, तर फोन उघडावा. रामबागेतल्या एका काकूंच्या बाबतीत त्यांची सून ‘पाचेक मिनिटं झालं असेल’ असे सांगत होती. मुलाने मोबाइल काढला, तेव्हा काकूंनी सकाळी ७ वाजून ५२ मिनिटांनी घरच्या गटावर पाठवलेला आवाजी निरोप सापडला. त्यात ‘पोळ्या’ हा शब्द तीनदा अडखळून वेगळाच निघाला होता. आठ वाजून सतरा मिनिटांच्या दुसऱ्या निरोपात बोलणे अगदी स्वच्छ होते. पाच मिनिटांची पंचवीस मिनिटे झाली, आणि पुढे दिसेल त्याप्रमाणे धोका मोजण्याचे गुणही बदलले.

इथे शब्दांविषयी थोडे सांगायला हवे. आपल्याकडे ‘चक्कर आली’ हा शब्द तोल जाणे, डोळ्यांपुढे अंधारी येणे, खोली फिरणे आणि हातपाय गळणे या सगळ्यांसाठी वापरला जातो, आणि ‘हात सुन्न पडला’ म्हणजे मुंग्या आल्या की हात उचलता येईना, हेही कळत नाही. तज्ज्ञाच्या दृष्टीने या पूर्णपणे वेगळ्या गोष्टी आहेत. तेव्हा निदानाचा शब्द सांगू नये, घटना सांगावी: ‘उजव्या हातातून पोह्यांचा चमचा पडला आणि तो उचलता येईना.’

पडताळणी: कागदावर बाजू, मिनिटे आणि चालू औषधांची यादी आहे का? रक्त पातळ करणारे औषध चालू असेल, तर ते सर्वांत वर लिहिले आहे का?

२. चोवीस तासांच्या आत, आणि थेट रुग्णालयात

घटना ताजी असेल, तर तज्ज्ञाची भेट २४ तासांत व्हायला हवी. आठवडा उलटून गेला असेल, तरीही पुढच्या काही दिवसांत ती घ्यावीच. देवास, धार किंवा महूहून येणाऱ्यांनी आधी फोन करून त्या ठिकाणी मेंदूविकारतज्ज्ञ आणि एमआरआय दोन्ही उपलब्ध आहेत ना, हे विचारून निघावे. शासकीय पर्याय हवा असेल, तर एमवाय रुग्णालयाचा आपत्कालीन विभाग आहे.

स्वतःच्या मनाने आधी तपासणी केंद्रावर जाणे, अहवालासाठी दुसऱ्या दिवसापर्यंत थांबणे आणि मग डॉक्टरांची वेळ घेणे हा क्रम उलटा आहे. त्यात सर्वांत धोक्याचे दोन दिवस निघून जातात, आणि त्या काळात रुग्णाला औषधही मिळालेले नसते.

खबरदारी: घरी रक्तदाब वाढलेला दिसला, म्हणून जास्तीची गोळी देऊ नये. अॅस्पिरिनही डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नये, कारण क्वचित हीच लक्षणे बारीक रक्तस्रावामुळेही होतात.

३. चिठ्ठीवर काय असावे

साधा सीटी काही मिनिटांत होतो आणि रक्तस्राव किंवा गाठ चटकन दाखवतो. तेवढ्यासाठी तो उपयोगी आहे. टीआयएनंतर राहिलेला दोन-चार मिलिमीटरचा ताजा ठिपका मात्र त्याला बहुधा दिसत नाही. म्हणजे ‘सीटी नॉर्मल’ याचा अर्थ रक्तस्राव नाही एवढाच होतो. धोका नाही, असा तो होत नाही.

तो ठिपका एमआरआयमधील डीडब्ल्यूआय या चित्रमालिकेत दिसतो. रक्त न मिळालेल्या पेशी सुजतात, त्यांच्या आजूबाजूच्या पाण्याच्या कणांची हालचाल मंदावते, आणि ही मंद हालचाल डीडब्ल्यूआयवर पांढरी उजळते. हा बदल घटनेनंतर काही मिनिटांतच दिसू शकतो, साधारण दहा ते चौदा दिवस टिकतो आणि मग विरत जातो. फार लहान ठिपके त्याआधीही मावळतात. तिसऱ्या आठवड्यात काढलेला एमआरआय स्वच्छ आला, तर त्यावरून मागच्या घटनेविषयी फारसे काही सांगता येत नाही.

चिठ्ठीवर नुसते ‘एमआरआय ब्रेन’ एवढेच असेल, तर पुष्कळदा रक्तवाहिन्यांचे चित्र काढले जात नाही आणि रुग्णाला दुसऱ्यांदा यावे लागते. म्हणून डॉक्टरांना विचारून पुढील गोष्टी लिहून घ्याव्यात. मेंदूसाठी डीडब्ल्यूआय आणि त्याच्या जोडीची एडीसी, जुने डाग दाखवणारी फ्लेअर, तसेच जुने सूक्ष्म रक्तस्राव दाखवणारी एसडब्ल्यूआय. रक्तवाहिन्यांसाठी डोक्याची आणि मानेची, दोन्हींची एमआर अँजिओग्राफी, किंवा तिच्याऐवजी सीटी अँजिओग्राफी. आणि खाली एक ओळ: ‘उजवा हात अशक्त, २५ मिनिटे, काल सकाळी.’ त्या एका ओळीमुळे रेडिओलॉजिस्ट डाव्या गोलार्धाकडे आणि डाव्या कॅरोटिडकडे (मानेतून मेंदूला रक्त नेणाऱ्या मुख्य धमनीकडे) दुप्पट लक्ष देऊन पाहतो.

केवळ मानेचे डॉप्लर (ध्वनिलहरींनी धमनी पाहण्याची तपासणी) करून थांबणे हीही नेहमीची चूक आहे. डॉप्लर कॅरोटिडचा मानेतला भाग दाखवते, कवटीच्या आतल्या धमन्या दाखवत नाही. आणि आशियाई लोकांत, आपल्याकडेही, कवटीतल्या धमन्यांचे अरुंदपण पुष्कळ आढळते.

४. यंत्रात शिरण्यापूर्वी

साध्या एमआरआयसाठी उपाशी राहण्याची गरज नसते. तरीही अनेक जण ‘खाली पेट’ येतात आणि सकाळच्या रक्तदाबाच्या आणि साखरेच्या गोळ्याही घेत नाहीत. कोणी साखरेची गोळी घेतात, पण खात मात्र नाहीत, आणि मग यंत्रातच त्यांना घाम फुटतो. नेहमीप्रमाणे खावे, नेहमीची औषधे घ्यावीत. सीटी अँजिओग्राफीत आयोडीनचे औषध शिरेतून देतात, म्हणून त्यासाठी केंद्राची वेगळी सूचना असू शकते. त्या तपासणीआधी क्रिएटिनिनचा, म्हणजे मूत्रपिंडाच्या कामाचा, अहवाल जवळ ठेवावा आणि साखरेची मेटफॉर्मिन ही गोळी चालू असल्यास सांगावे. ती गोळी स्वतःहून बंद करू नये.

पेसमेकर, मेंदूतील धमनीवर बसवलेली क्लिप, कानातील कॉक्लिअर यंत्र, किंवा खराद-वेल्डिंगचे काम करताना डोळ्यात गेलेला लोखंडाचा कण यांपैकी काहीही असेल, तर ते फोनवरच सांगावे. आजचे अनेक पेसमेकर ठरावीक अटींवर एमआरआयमध्ये चालतात, पण त्यासाठी त्याचे कार्ड लागते. मंगळसूत्र, जोडवी, केसांतले आकडे आणि कवळी बाहेर काढून ठेवावी. पूर्ण तपासणीला २० ते ४० मिनिटे लागतात, आवाज मोठा असतो, आणि मान जरा हलली तरी धमनीच्या चित्रात खोटे अरुंदपण उमटू शकते. ज्यांना बंद जागेची भीती वाटते, त्यांनी तसे आधीच सांगावे. डीडब्ल्यूआयला दोन-तीन मिनिटेच लागतात, म्हणून आम्ही ते सर्वांत आधी घेतो. रुग्णाने पुढे नकार दिला, तरी मुख्य चित्र हाती असते.

५. अहवाल वाचण्याचा क्रम

लोक आधी शेवटचा ‘इम्प्रेशन’ म्हणजे निष्कर्ष वाचतात आणि तिथेच थांबतात. त्याऐवजी चार प्रश्न याच क्रमाने विचारावेत, आणि उत्तर अहवालात नसेल तर डॉक्टरांना विचारावे.

पहिला प्रश्न: दुसरे काही कारण आहे का? रक्तस्राव, गाठ किंवा मेंदूच्या आवरणाखाली साचलेले रक्त आढळले, तर पुढचा सारा विचार बदलतो.

दुसरा प्रश्न: ताजा ठिपका आहे का? डीडब्ल्यूआयवर पांढरे आणि त्याच जागी एडीसीवर काळे, ही ताज्या इजेची खूण आहे. अहवालात ती ‘रिस्ट्रिक्टेड डिफ्यूजन’ किंवा ‘अॅक्यूट इन्फार्क्ट’ या शब्दांत येते. दोन्हीकडे पांढरे असेल, तर ती बहुधा जुन्या डागाची झळाळी असते. फिल्म खिडकीसमोर धरून पाहणाऱ्यांनी लक्षात ठेवावे, की चित्राची डावी बाजू म्हणजे रुग्णाची उजवी बाजू असते. यावरून घरात वाद झालेले मी पाहिले आहेत.

ठिपका सापडला, तर त्याची संख्या आणि जागा पाहावी, कारण पुढचा धोका कोठून आहे ते तिथेच कळते. एकाच कॅरोटिडच्या प्रदेशात विखुरलेले अनेक लहान ठिपके असतील, तर त्या धमनीतून कण सुटत असल्याचा संशय येतो. दोन्ही गोलार्धांत, किंवा मेंदूच्या पुढच्या आणि मागच्या अशा दोन्ही भागांत ठिपके असतील, तर हृदयाकडे पाहावे लागते. खोल भागात एकच बारीक ठिपका असेल, तर बहुधा रक्तदाब आणि मधुमेहाने खराब झालेल्या सूक्ष्म धमन्यांचे ते काम असते. २०१६ साली २१ देशांतील रुग्णांवर प्रसिद्ध झालेल्या एका नोंदवहीत, ज्यांच्या चित्रात अनेक ताजे ठिपके होते त्यांचा वर्षभरातील पक्षाघाताचा धोका दुपटीहून अधिक आढळला.

२००९ पासून अमेरिकन हार्ट असोसिएशनच्या व्याख्येत टीआयए हा शब्द चित्रात ताजी इजा नसेल तेव्हाच वापरतात. ठिपका असेल, तर लक्षणे दहा मिनिटांत गेली असली तरी त्याला लहान पक्षाघात म्हणतात. त्यामुळे डॉक्टरांनी टीआयए म्हटले आणि अहवालात ‘इन्फार्क्ट’ आले, तर कोणी चूक केली असे समजून दुसरीकडे धावू नये.

तिसरा प्रश्न: धमनी किती अरुंद आहे, आणि कोणत्या बाजूची? उजवा हात लुळा पडला असेल, तर डाव्या कॅरोटिडचे अरुंदपण महत्त्वाचे ठरते. एका डोळ्यापुढे पडदा पडल्यासारखे झाले असेल, तर मात्र त्याच बाजूची कॅरोटिड पाहायची असते. विरुद्ध बाजूला ६० टक्के आढळले, तर त्याची नोंद ठेवावी, पण या घटनेचे कारण म्हणून ते धरू नये.

चौथा प्रश्न: जुने काय आहे? फ्लेअरवरचे पांढरे चट्टे ‘फॅझेकास’ श्रेणीत ० ते ३ असे मोजतात. साठीनंतर श्रेणी १ पुष्कळांना असते, तिच्यामुळे झोप उडवून घेऊ नये. २ किंवा ३ असेल, तर रक्तदाब वर्षानुवर्षे त्रास देत आला आहे, असे धरून चालावे. एसडब्ल्यूआयवरील सूक्ष्म रक्तस्राव मात्र रक्त पातळ करणारी औषधे ठरवताना डॉक्टरांच्या नजरेस आणून द्यावेत.

खबरदारी: डीडब्ल्यूआय स्वच्छ आले, म्हणजे टीआयए झालाच नाही असे ठरत नाही. काळावर आधारलेल्या जुन्या व्याख्येप्रमाणे टीआयए ठरलेल्यांपैकी साधारण एक तृतीयांश जणांतच ताजा ठिपका सापडतो. मेंदूच्या मागच्या भागातील आणि मेंदूच्या खोडातील लहान इजा पहिल्या दिवशी कधीकधी डीडब्ल्यूआयलाही सुटतात. लक्षणे परत आली किंवा राहिली, तर पुन्हा चित्र काढावे लागते.

६. गुण आणि चित्र यांची सांगड

चित्राआधी डॉक्टर बहुधा एबीसीडी-२ हे गुण मोजतात. वय ६० किंवा अधिक असल्यास १, तपासणीच्या वेळी रक्तदाब १४०/९० किंवा त्याहून अधिक असल्यास १, एका बाजूची अशक्तता असल्यास २ आणि अशक्ततेविना फक्त बोलण्यात बिघाड असल्यास १, लक्षण ६० मिनिटे किंवा अधिक टिकल्यास २ आणि १० ते ५९ मिनिटे टिकल्यास १, मधुमेह असल्यास १. एकूण ७. ज्या अभ्यासातून हे गुण निघाले, त्यात पहिल्या दोन दिवसांतील पक्षाघाताचे प्रमाण ० ते ३ गुणांना १ टक्का, ४-५ गुणांना ४.१ टक्के आणि ६-७ गुणांना ८.१ टक्के होते.

यांत चित्र मिळवले, की एबीसीडी-३-आय तयार होते: सात दिवसांत आधी दुसरा टीआयए झालेला असल्यास २, त्याच बाजूची कॅरोटिड ५० टक्के किंवा अधिक अरुंद असल्यास २, डीडब्ल्यूआयवर ठिपका असल्यास २. एकूण १३, त्यांत ० ते ३ कमी, ४ ते ७ मध्यम आणि ८ ते १३ जास्त धोका.

त्याच काकूंचे उदाहरण घेऊ. वय ६७, रक्तदाब १५८/९२, फक्त बोलणे अडखळले, २५ मिनिटे, मधुमेह आहे: पाच बाबींचे पाच गुण, म्हणजे मध्यम धोका. सुनेच्या ‘पाचेक मिनिटां’वर विसंबलो असतो, तर ते चारच झाले असते. पुढे चौकशीत चार दिवसांपूर्वीही असेच झाल्याचे कळले, डीडब्ल्यूआयवर डावीकडे ठिपका होता, आणि डावी कॅरोटिड ६० टक्के अरुंद निघाली. पाचाचे अकरा झाले. सीटीत यांपैकी एकही गोष्ट दिसली नव्हती.

आता उलटे उदाहरण, समजण्यासाठी रचलेले. वय ४८, रक्तदाब १३०/८०, मधुमेह नाही, उजवा हात आठ मिनिटे लुळा. एबीसीडी-२ प्रमाणे फक्त २ गुण होतात, आणि अशा माणसाला ‘कमी धोका’ म्हणून आरामात पुढच्या आठवड्याची वेळ दिली जाते. चित्रात डावीकडे ताजा ठिपका आणि डावी कॅरोटिड ७५ टक्के अरुंद निघाली, तरी बेरीज ६ होते आणि ती ‘मध्यम’ गटातच राहते. पण या माणसाला शस्त्रक्रियेच्या तज्ज्ञाकडे तातडीने पाठवायला हवे. बेरजेत कारण दिसत नाही, हा माझा या गुणांवरचा मुख्य आक्षेप आहे. ब्रिटनच्या २०१९ च्या अधिकृत मार्गदर्शनातही, टीआयएनंतरची तातडी ठरवण्यासाठी असे गुण वापरू नयेत, असेच सांगितले आहे. गुण मोजायचे तर मोजावेत, पण कागदावर बेरजेच्या आधी कारण लिहून घ्यावे: धमनी, हृदय, सूक्ष्म वाहिन्या, की अजून कळलेले नाही.

पडताळणी: डॉक्टरांनी सांगितलेल्या धोक्याबरोबर त्याचे कारण कोणत्या चित्रावरून ठरवले, हे तुम्हाला एका वाक्यात सांगता येते का?

७. चित्रामुळे उपचार कुठे बदलतो

लक्षणाच्या बाजूची कॅरोटिड ७० ते ९९ टक्के अरुंद असेल, तर शस्त्रक्रियेचा लाभ सर्वांत स्पष्ट असतो आणि ती पहिल्या दोन आठवड्यांत केली, तर तो अधिक मिळतो. ५० ते ६९ टक्क्यांत लाभ कमी असतो आणि निर्णय व्यक्तीनुसार होतो. पूर्ण बंद झालेली धमनी सहसा उघडत नाहीत. शस्त्रक्रियेआधी अरुंदपणाचा आकडा दोन वेगळ्या तपासण्यांनी पडताळला आहे का, हे विचारण्यात संकोच करू नये.

धोका जास्त असून हृदयाचे कारण नसेल, तर अॅस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल ही जोडी थोड्या दिवसांसाठी देतात. चीनमध्ये झालेल्या आणि २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत ही जोडी पहिल्या २४ तासांत सुरू करून २१ दिवस दिली होती, आणि पुढे क्लोपिडोग्रेल एकटेच चालू ठेवले होते. इथली नेहमीची चूक अशी, की एकविसाव्या दिवशी कोणीच विचारत नाही आणि दोन्ही गोळ्या महिनोनमहिने चालू राहतात. त्यात रक्तस्रावाचा धोका वाढतो. जोडी कोणत्या तारखेला थांबवायची, ते चिठ्ठीवर तारखेसह लिहून घ्यावे.

हृदयाच्या अनियमित ठोक्यांमुळे, म्हणजे एट्रियल फिब्रिलेशनमुळे गुठळी होत असेल, तर वेगळी, गुठळीरोधक औषधे लागतात. एका साध्या ईसीजीत ते पकडले जाईलच असे नाही. ठिपके दोन्ही बाजूंना असतील आणि ईसीजी नॉर्मल असेल, तर होल्टर (दिवसभर ठोके नोंदवणारे यंत्र) आणि इको (हृदयाची सोनोग्राफी) यांबद्दल विचारावे.

८. चित्रे जपून ठेवा

फिल्म आणि छापील अहवाल यांवर समाधान मानू नये. केंद्रातून सर्व चित्रमालिका डायकॉम या मूळ डिजिटल स्वरूपात सीडीवर किंवा पेन ड्राइव्हवर मागून घ्याव्यात आणि निघण्यापूर्वी तिथेच त्या उघडतात का ते पाहावे. सीडीवर नाव, तारीख आणि लक्षणाची बाजू मार्करने लिहून ठेवावी. पुढे पुन्हा कधी एमआरआयची वेळ आली, तर ही सीडी बरोबर आणावी. जुने आणि नवे डीडब्ल्यूआय शेजारी-शेजारी लावले, की कोणता ठिपका कालचा आणि कोणता गेल्या वेळचा, हे आम्हाला दोन मिनिटांत सांगता येते. जुने चित्र नसेल, तर फ्लेअरवर दिसणाऱ्या प्रत्येक डागाबद्दल अंदाज करावा लागतो.